दगडी कोरल एकही नाही, मग अल्कलिनिटी जाते कुठं? लातूरच्या एका डेरासा क्लॅमची केस

केस लातूरची आहे आणि मालक नात्याने माझे दाजी, त्यामुळे यातलं निम्मं निदान फोनवर आणि निम्मं जेवायच्या ताटावर झालंय. घरातला रीफ टँक, म्हणजे कोरलसकट खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ५ बाय २ बाय २ फुटांचा, खाली संप (फिल्टर वगैरे ठेवायची जोडटाकी), रेती आणि दगड वजा केले तर खरं पाणी साधारण ५५० लिटर. आत सगळे सॉफ्ट कोरल, म्हणजे लेदर, झोआ, मशरूम वगैरे, मासे तीनच (क्लाउनची जोडी आणि एक यलो टँग), दोन क्लीनर श्रिंप, काच साफ करणाऱ्या गोगलगाई. आणि मधोमध रेतीवर बसलेला एक ट्रायडॅक्ना डेरासा. जायंट क्लॅमच्या जातीतला, आणला तेव्हा तळहातावर मावत होता, आता लांबीला एक फूट. घरात सगळे त्याला शिंपली म्हणतात.

तक्रार एप्रिलच्या सुरुवातीला आली. दाजींचा फोन, "मेव्हणे, शिंपली मधून पांढरी पडायलीय. दुपारी मिटून बसतीय. लाईट फुल करून बघितली, बाटलीतलं खाद्य घालून बघितलं, कशालाच दाद देईना." मी म्हटलं फोटो पाठवा. फोटोत मँटलचा, म्हणजे शिंपल्यातून बाहेर पसरणाऱ्या त्या रंगीत मांसल पडद्याचा, मधला भाग फिका दुधट झालेला, कडा मात्र अजून तपकिरी पट्ट्यांच्या. आणि पाणी आत ओढायचं जे भोक असतं ते नेहमीपेक्षा ताणून उघडलेलं. क्लॅमवाले याला गेपिंग म्हणतात आणि ते दिसलं की उद्या बघू म्हणून चालत नाही.

ज्यांनी हा प्राणी पाळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. जायंट क्लॅमच्या मँटलमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, उजेडावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा क्लॅमला देतं. बदल्यात क्लॅम त्याला जागा, कार्बन आणि नायट्रोजन पुरवतो. शिवाय पाणी गाळून बारीक खाद्यही खातो. म्हणून सगळे जण आधी लाईटकडे धावतात, आणि ते चूक नाहीये, पण अर्धवट आहे. सगळ्यात मोठा ट्रायडॅक्ना गिगास, तो समुद्रात मीटरभराच्या वर जातो आणि वजन २०० किलोच्या पुढं, त्यामुळे घरातल्या टँकसाठी त्याचं नावच काढू नये. त्याच्याखालोखाल हा डेरासा, ६० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. निळाजांभळा क्रोसिया १५ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, मॅक्सिमा फुटाच्या थोडा इकडंतिकडं. डेरासाला क्रोसियाइतका झगझगीत रंग नसतो पण तो तब्येतीनं दणकट, उजेड त्यांच्यापेक्षा कमी चालतो आणि वाढतो भराभर. १९८० च्या दशकात पलाऊमधल्या हॅचरीत याचीच पिल्लं मोठ्या प्रमाणावर तयार करायला सुरुवात झाली, त्यामुळे बाजारात कॅप्टिव्ह ब्रेड, म्हणजे समुद्रातून न काढता पैदास केलेले, म्हणून येणाऱ्यांत हा बरेचदा असतो. नवशिक्याला दुकानदार हाच देतो आणि तो किती मोठा होणारे हे सांगत नाही.

मी लातूरला गेलो तेव्हा पाण्याच्या टेस्टच्या आधी शिंपला बघितला, जात पक्की करायला. आपल्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत मॅक्सिमा, स्क्वामोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस ही नावं आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते घरात निघाले तर विषय पाण्याच्या केमिस्ट्रीचा राहतच नाही. स्क्वामोसाच्या शिंपल्यावर कौलांसारखे मोठे खवले उभे असतात, डेरासाचा शिंपला मात्र गुळगुळीत, रुंद लाटांचा. दाजींचा गुळगुळीत होता, पाणी ओढायच्या भोकाभोवती बारीक झालर होती, म्हणजे डेरासाच. तरी सुटका नाही, कारण जायंट क्लॅमचं अख्खं कुटुंब सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर (लागू झाली १ एप्रिल २०२३ ला) अशा विदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांनी नोंदणी करायची आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर. दाजींकडं मुंबईच्या दुकानाचं बिल होतं, त्यावर कॅप्टिव्ह ब्रेड लिहिलेलं, बाकी काही नाही. मी म्हटलं आधी हे कागद मार्गी लावा, बिलावर भागत नाही. ते म्हणाले, "खताच्या लायसनला जेवढे कागद लागले नाहीत तेवढे शिंपलीला?" लागतात. सॉफ्ट कोरलवरच टँक ठेवायचा हा आमचा निर्णयही त्यातूनच आलेला, रीफ बांधणारे दगडी कोरल याच अनुसूचीत आहेत, त्या भानगडीत पडायचंच नाही.

आता खरा तपास. पहिला संशय मला वेगळाच आला होता आणि तो या घरापुरता खास आहे. दाजींचं कृषी सेवा केंद्र. दिवसभर हात औषधांच्या पुड्यांत, कॉपर ऑक्सिक्लोराईड, कीटकनाशकं, काय काय. तांबं हे बिनकण्याच्या समुद्री जीवांना फार थोड्या मात्रेतही मारतं, म्हणून तर माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांचं तांब्याचं औषध रीफ टँकमध्ये कधीच घालत नाहीत. दुकानातून आले, हात खळाखळा धुतले-न धुतले आणि कोपरापर्यंत टँकमध्ये, असं होत असेल तर? पण दोन्ही क्लीनर श्रिंप टुणटुणीत होते, नुकतीच कात टाकलेली दिसत होती, गोगलगाई काचेवर फिरत होत्या. तांबं किंवा कीटकनाशक पाण्यात असतं तर श्रिंप आणि गोगलगाईही अशा टुणटुणीत राहिल्या नसत्या. संशय गेला. तरी हातमोजे सक्तीचे केले, ताईला सांगून, कारण दाजी माझं ऐकत नाहीत.

दुसरं म्हणजे परजीवी. पिरॅमिडेलिड नावाच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगाई असतात, त्या दिवसा शिंपल्याच्या बुडाशी लपतात आणि रात्री मँटलच्या कडेला सोंड खुपसून रस पितात. रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन बघितलं, शिंपला उचलून बूड बघितलं, काही नाही. (उचलताना एक, लहान क्लॅम दगडाला तंतूंनी घट्ट धरलेला असतो, तो ओढून काढला तर तंतूंच्या मुळाशी जखम होते आणि बरेचदा तिथून मरतो. मोठा डेरासा बहुधा ते तंतू सोडून नुसता वजनावर बसतो, त्यामुळे हा सहज निघाला. आणि पाण्याबाहेर काढलाच तर परत ठेवताना पाण्याखाली तिरका करून आतली हवा बाहेर जाऊ द्यावी, बुडबुडा आत अडकायला नको.) मँटलच्या कडा मुडपून आत ओढल्यासारख्या दिसतात तो पिंच्ड मँटल नावाचा रोग, त्याची लक्षणंही नव्हती. सावली पडली की झटकन मिटतो का ते बघितलं, मँटलच्या कडेला याचे शेकडो बारीक डोळे असतात, हात वरून फिरवला की निरोगी क्लॅम दचकतो. हा दचकत होता, पण आळसावल्यासारखा.

मग शिंपल्याची कड. मला विचाराल तर क्लॅमची तब्येत मँटलच्या रंगावरून कमी आणि कडेवरून जास्त कळते. वाढत्या क्लॅमला वरच्या काठाला स्वच्छ पांढरी नवी पट्टी दिसते, कागदासारखी पातळ, त्यावर अजून शेवाळ किंवा कोरलाइन (दगडावर चढणारं गुलाबी कडक शैवाल) चढलेली नसते. दाजींच्या डेरासाला ती पट्टीच नव्हती. काठापर्यंत कोरलाइन चढलेली. म्हणजे वाढ थांबून बरेच आठवडे झालेले, पांढरं पडणं हे फक्त आता डोळ्यांना दिसलं.

दाजींची टेस्टची वही मी मागितली. नीट ठेवलेली, दर रविवारी कॅल्शियम, खारटपणा, तापमान. कॅल्शियम ४०० च्या आसपास, कधी ४१०, कधी ३९५. "कॅल्शियम बरोबर आहे बघा, शिंपला कॅल्शियमचाच असतो न?" असतो, कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो, पण कार्बोनेटची टेस्ट वहीत कुठंच नाही. अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानानं पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, त्यांनी कधी मोजलीच नव्हती. कारण त्यांना सुरुवातीला कुणीतरी सांगितलेलं की दगडी कोरल नसतील तर डोसिंगची, म्हणजे कमी झालेले क्षार वरून घालायची, भानगड नाही, पंधरा दिवसाला १५ टक्के पाणी बदला, बास. आणि क्लॅम चार इंचाचा होता तोवर ते खरंही होतं.

मी नेलेल्या हॅना चेकरवर (खिशात मावणारं टेस्टचं यंत्र) अल्कलिनिटी आली ५.७ डीकेएच, हे तिचं एकक. असायला हवी ८ ते ९.

इथं जरा थांबतो कारण या केसचा गाभा हाच आहे. क्लॅम असो की कोरल, शिंपला किंवा सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरलेल्या प्रमाणात वापरतात, १ डीकेएच खाली येतो तेव्हा कॅल्शियम फक्त ७ पीपीएमच्या आसपास कमी होतं. म्हणजे अल्कलिनिटी ८.५ वरून ५.७ ला आली तरी कॅल्शियम २० पीपीएमनेच उतरलेलं, ४२० चं ४००. घरच्या कॅल्शियम टेस्टमध्ये तेवढा फरक तर रंग बघण्यातच येतो जातो. त्यामुळे फक्त कॅल्शियम मोजणाऱ्याला आपला टँक व्यवस्थित आहे असंच वाटत राहणार, वर्षभर वाटत राहणार. दोन्हींपैकी एकच टेस्ट किट परवडत असेल तर अल्कलिनिटीचं घ्या, माझं स्पष्ट मत.

आणि एक फुटाचा क्लॅम किती खातो हे लोकांच्या डोक्यात बसत नाही कारण लांबीकडे बघतात. लांबी तिप्पट झाली की वजन साधारण सत्तावीसपट होतं. पुढं लांबीची वाढ मंदावलेली दिसते, वर्षाला एक-दोन इंच, पण ते एक-दोन इंच आता केवढ्या मोठ्या काठावर चढवायचे असतात. ५५० लिटर पाण्यातला १ डीकेएच म्हणजे जेमतेम १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. डेरासानं रोज तीन-साडेतीन ग्रॅम शिंपला बांधला की तीन दिवसांत १ डीकेएच संपला. मग १५ टक्के पाणी बदलून काय परत येणारे? हिशोब करून बघा, ५.७ च्या टँकमध्ये ८.५ चं नवीन पाणी १५ टक्के घातलं तर वाढ होते फक्त ०.४ ची. दीड दिवसाचा खुराक, आणि तो दोन आठवड्यांतून एकदा.

नायट्रेट मोजलं, शून्य. फॉस्फेट, शून्य. दाजी खूश, "पाणी एकदम क्लीन!" स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) टँकच्या मानानं मोठा, संपमध्ये कीटो शैवालाचा गोळा रात्रभर दिव्याखाली, वरून फॉस्फेट शोषणारं मीडिया, आणि मासे तीन. एवढ्या स्वच्छ पाण्यात मोठा क्लॅम उपाशी मरतो कारण त्याच्या मँटलमधल्या शैवालाला विरघळलेला नायट्रोजन लागतो, तो माशांच्या विष्ठेतून, अमोनियातून, नायट्रेटमधून येतो. क्लॅम स्वतःच नायट्रेट खेचून घेणारा प्राणी आहे, त्यात बाकीची यंत्रणा त्याच्याशी स्पर्धा करत होती. मी हे समजावून सांगत होतो तर दाजी मध्येच म्हणाले, "म्हणजे युरिया न टाकता कापूस पिवळा पडतो तसंच की." तसंच. आणि पिवळ्या कापसावर ऊन वाढवून काय होणार, पण लाईटच्या बाबतीत त्यांनी तेच केलेलं, एलईडी ६० टक्क्यांवरून १०० वर. शैवाल आधीच कमी झालेल्या मँटलवर जास्त उजेड म्हणजे उरलेलंही जळायचं.

नायट्रोजन कमी आहे म्हटल्यावर दाजींचे डोळे चमकले. "माझ्या दुकानात १३:०:४५ पोत्यानं पडलंय." आता गंमत अशी की १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि रीफवाले नायट्रेट वाढवायला पोटॅशियम नायट्रेट खरंच वापरतात, ५५० लिटरला १ पीपीएम वाढवायला ०.९ ग्रॅम पुरतं. पण ड्रिपमधून पिकाला द्यायच्या खताची शुद्धता आणि क्लॅमच्या पाण्यात घालायची शुद्धता वेगळी, त्यात सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून तांबं मिसळलेलं असलं तर? कॅल्शियम नायट्रेटची पिशवी तर त्याहून नको, शेतीच्या ग्रेडमध्ये अमोनियमचा अंश असतो. मी सरळ नाही म्हटलं. पुडीतनं नायट्रेट घालण्यापेक्षा मासे वाढवा, त्यांना दोन वेळ पोटभर घाला, खाद्यातून जे येतं त्यात नायट्रोजनबरोबर फॉस्फरसही असतो आणि तो हळूहळू येतो. त्यातूनही नाहीच आलं तर लॅब ग्रेडचं आणू.

तर मग उपाय काय केले, क्रमानं नाही सांगत कारण झालेही क्रमानं नाहीत. फॉस्फेटचं मीडिया त्याच दिवशी काढलं. कीटोचा दिवा रात्रभराऐवजी चार तास. लाईट ५५ टक्क्यांवर आणली, नंतर आठवड्याला थोडी थोडी वर. फायटोप्लँक्टनची, म्हणजे सूक्ष्म तरंगत्या शैवालाच्या खाद्याची, महागडी बाटली बंद, एवढ्या मोठ्या क्लॅमला तिची गरज नसते, त्यानं फक्त स्किमर भरत होता आणि पैसे जात होते. मासे पाच वाढवले, पण एकदम नाही, आणि एंजलफिश एकही नाही, ते मँटलला टोचे मारायला लागतात, दुकानात तुम्हाला कुणी काही म्हणो.

अल्कलिनिटी वर आणायला किराणा दुकानातला खायचा सोडा, नुसता सोडियम बायकार्बोनेट, पाकिटावर दुसरं काही लिहिलेलं नसलेला. ८ ग्रॅम आरओच्या पाण्यात विरघळवून संपमध्ये, रोज एकदा, म्हणजे रोज अर्धा डीकेएच. घाईघाईत एका दिवसात ३ डीकेएच चढवणारे लोक मी बघितलेत, प्राण्यांना तो धक्का कमतरतेपेक्षा वाईट बसतो. हळू चढवताना एक गोष्ट दिसली ती मला फार महत्त्वाची वाटते. ५.७ ला असताना टँकमध्ये अल्कलिनिटीचा खप जवळजवळ नव्हताच, आठवडाभर आकडा हलत नव्हता, आणि त्यावरून कुणालाही वाटेल की इथं कुणी वापरतच नाही तर डोस कशाला. पण ७ च्या वर गेल्यावर खप दिसायला लागला, ८ ला आल्यावर रोज ०.३५ च्या आसपास. म्हणजे आधी गरज नव्हती असं नाही, क्लॅमनं बांधकामच बंद ठेवलेलं होतं.

आता ०.३५ रोज कायम कशातून द्यायचा. सोडा कायमचा देत राहिलं तर फक्त अल्कलिनिटी जाते, कॅल्शियम वेगळं घालावं लागतं आणि सोडियम साठत जातं. एवढ्या खपाला मला चुन्याची निवळी आवडते, रीफवाले ज्याला काल्कवासर म्हणतात. कॅल्शियम हायड्रॉक्साईड, दोन्ही गोष्टी योग्य प्रमाणात देतं आणि स्वस्त. दाजींनी लगेच पानाच्या चुन्याची डबी पुढं केली! रसायन तेच आहे, पण त्या डबीत वासाचं, रंगाचं काय घातलंय ते आपल्याला माहीत नाही, म्हणून लॅब ग्रेडचा किलोचा डबा मागवला. एक लिटर आरओ पाण्यात दोन ग्रॅम, ढवळायचं, झाकण लावून ठेवायचं (उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साईड लागून वर साय धरते, तेवढा चुना वाया), गाळ बसला की वरचं स्वच्छ पाणी थेंब थेंब, रात्रीच्या वेळी, कारण रात्री टँकचा पीएच उतरतो आणि निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. डोळ्यांत, हातावर उडू द्यायची नाही. एक लिटर निवळीतून ५५० लिटरच्या टँकला ०.२ डीकेएच मिळतो, म्हणजे रोज दोन लिटर भरपूर झाली.

इथंच एक फसगत होता होता राहिली. मुंबईच्या एका ओळखीच्या रीफवाल्यानं दाजींना फोनवर सांगितलं की टॉप-अपच्या (उडालेलं पाणी भरून काढणाऱ्या) पूर्ण टाकीतच चुना घाला, जेवढं पाणी उडेल तेवढं आपोआप निवळीनं भरेल. मुंबईत ठीक असेल. दमट हवा, वर्षभर बाष्पीभवन जवळजवळ सारखं. लातूरला एप्रिल-मे मध्ये बाहेर ४१-४२ डिग्री आणि हवा कोरडी खडंग, संपवर पंखे लावलेले, दाजींचा टँक रोज ९ लिटर पाणी उडवतो. ९ लिटर निवळी म्हणजे रोज १.८ डीकेएच, गरजेच्या पाचपट, दोन दिवसांत पाणी दुधासारखं आणि पंपावर दगड. आणि जुलैत झड लागली की तोच टँक ३ लिटरवर येतो. म्हणजे ज्याच्या भरवशावर डोस ठेवायचा ती गोष्टच इथं ऋतूप्रमाणे तिप्पट-चौपट बदलते. आम्ही निवळी वेगळ्या कॅनमध्ये ठेवली, छोटा डोसिंग पंप, ठरलेले दोन लिटर रात्रीतून, बाकी टॉप-अप साध्या आरओ पाण्याचा.

कोरड्या हवेचा फायदाही आहे बरं का. पाण्यावर पंख्याचा वारा मारला की बाष्पीभवनानं टँक चांगला थंड होतो, मुंबईत तो उपाय लंगडा पडतो, इथं खोली ३५ असली तरी टँक २७ ला राहू शकतो. मग दाजींचा टँक दुपारी ३० ला कसा जात होता? कारण त्याच खोलीत डेझर्ट कूलर. कूलर खोलीत ओल भरतो, हवा दमट झाली की पंख्यांचं काही चालत नाही, घरच्यांना गार वाटतं आणि टँक तापतो. कूलर हॉलमध्ये गेला, खिडकी थोडी उघडी, पंखे थर्मोस्टॅटवर २६ ला चालू होतील असे लावले. आता दिवसरात्रीत एक डिग्रीच्या आत फरक. लाईट गेली तर वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि एक एअर पंप इन्व्हर्टरवर, दिव्यांचं काय, ते थांबू शकतात.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय लातूरची केस पूर्ण होत नाही. आरओ एक लिटर चांगलं देताना तीनेक लिटर टाकून देतो. ज्या गावात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, मांजरा धरण कोरडं पडलेलं, तिथं रोज ९ लिटर उडवणारा टँक ठेवायचा म्हणजे २७ लिटर नाल्यात घालायचं का? घातलं जात नाही, ते ड्रममध्ये जमा होतं आणि धुणीभांडी, संडास, अंगणातल्या कढीपत्त्याला जातं, ताईचा हिशोब पक्का आहे. कुणी म्हणतं बोअरचंच पाणी टाका, त्यात बायकार्बोनेट असतंच, अल्कलिनिटी फुकटात. आमच्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी जड असतं हे खरं, पण त्याबरोबर नायट्रेट, सिलिकेट आणि इतर क्षार किती येतात ते दर महिन्याला वेगळं, आणि पाणी उडून जातं, क्षार मागं साठत राहतात. टॉप-अपला ते कधीच नाही.

निकाल. तीन आठवड्यांत नायट्रेट ३ वर आलं, फॉस्फेट किंचित दिसायला लागलं, नायट्रेटची पुडी लागलीच नाही. गेपिंग त्याआधीच थांबलं होतं. मधला पांढरेपणा भरून यायला सगळ्यात जास्त वेळ लागला, जून संपेपर्यंत, आणि तो बाहेरून आत असा भरत गेला. काठाला नवी पांढरी पट्टी मे अखेरीस दिसली, दाजींनी पहाटे पाच वाजता फोटो पाठवला. श्रिंप, मासे, लेदर सगळे ठीक. काचेवर शेवाळ थोडं वाढलंय, ते मी वाईट मानत नाही, दाजी मानतात.

दोन गोष्टी अजून लोंबकळत आहेत. एक, हा प्राणी आता प्रजननाच्या वयाचा आहे. जायंट क्लॅम आधी नर असतात, मोठे झाले की नर-मादी दोन्ही, आणि तापमान अचानक चढलं किंवा कुठला धक्का बसला की शुक्राणू, अंडी पाण्यात सोडतात. समुद्रात ते वाहून जातं, ५५० लिटरमध्ये पाणी पांढरंधोप होतं, ऑक्सिजन उतरतो, स्किमर उतू जातो आणि एका रात्रीत मासे जाऊ शकतात. त्यावर उपाय एकच, २०० लिटरचा ड्रम आरओनं कायम भरलेला, मीठ आणि कार्बन घरात, आणि पाणी दुधट दिसलं की विचार न करता बदलायला सुरुवात. ड्रम ठेवलाय, कधी लागला नाही.

दुसरी म्हणजे जागा. दोन फूट रुंदीच्या टँकमध्ये ६० सेंटिमीटरपर्यंत जाणारा क्लॅम, हे गणित पुढं बसत नाही. अजून तीनचार वर्षं काढता येतील, नंतर एकतर तीन फूट रुंदीचा टँक किंवा कागदपत्रांसकट कुणा मोठ्या टँकवाल्याला देणं, आणि कागद नसतील तर दुसरा पर्याय आपोआप बंद. मी दाजींना दुसरं ऐकवत होतो, त्यांनी सुताराला पहिल्याचं माप देऊन ठेवलंय, स्टँड लोखंडी करायचा की लाकडी यावर आमचं अजून एकमत नाही. लोखंडीच करा म्हणतोय मी, साडेआठशे-नऊशे किलो पाणी आहे ते, पण गंज चढेल म्हणून ते ऐकेनात. नोंदणीचा अर्ज तेवढा भरलाय. अल्कलिनिटी काल रात्री ८.३, निवळी अजून रोज दोनच लिटर.